रुपयात किती आणे

करमाळा, 9 जून
साखर पुन्हा वाढली. डॉक्टरांचं तेच, रोज चाला. पहाटे देवीच्या माळावर जायचा संकल्प मी दर पाडव्याला करतो. या वेळी संकल्प नको. रात्री नुसता अंदाज लिहायचा: उद्या मी जाईन, हे रुपयात किती आणे खरं? लिहिलं, चौदा.

10 जून
गजर बंद करून कूस बदलली. वही बघून ही म्हणाली, "मला विचारलं असतं तर तीन सांगितले असते."
कॅनडातल्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी 1994 मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवसांत संपवाल? अंदाज सरासरी 34 दिवसांचा, लागले 55 च्या वर. आपण स्वतःबद्दल बोलताना मनातला बेत बघतो, मागचा हिशेब नाही. हिच्याकडे लग्नापासूनचा हिशेब आहे. उद्यापासून आकडा हिचा.

13 जून
"पाच आणे." का? तर या आठवड्यात शेतीची थ्री-फेज लाइट रात्रीची. उसाला पाणी देऊन रानातून यायला दोन वाजतात, वर पहाटेचा बेत म्हणजे थापच. मग रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात संध्याकाळी जायचं ठरवलं. लगेच दहा झाले. बूट दाराशी काढून ठेवले, अकरा.
संध्याकाळी गेलो. रावरंभा निंबाळकरांनी बांधलेलं कमलाभवानीचं देऊळ, पुढे 96 पायऱ्यांची बारव. चार पायऱ्या उतरलो नि गुडघ्यानं आपला अंदाज कळवला.

17 जून
शर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1980 मध्ये एक गंमत दाखवली. कर्करोग संस्थेसाठी तीन तास वर्गणी गोळा कराल का, असं थेट विचारलं तर शंभरात चार जण तयार. दुसऱ्या गटाला आधी नुसतं विचारलं, कुणी असं म्हटलं तर काय कराल? निम्म्याच्या आसपास लोक हो म्हणाले, आणि पुढे खरंच विचारणा झाली तेव्हा 31 टक्के तयार झाले. अंदाज चुकला खरा, पण चारावरून एकतीसवर त्यानंच नेलं.
मग कमी आकडा लिहिला तर तोही खाली ओढणारच की! तीन आणे लिहून झोपणाऱ्याला झोप फार छान लागते. म्हणून आठ आण्यांच्या खाली असताना वही मिटायची नाही, बेतात काहीतरी बदलायचं.

27 जून
निवृत्तिनाथांची पालखी तालुक्यात आहे. एका वारकऱ्याला चहा देताना विचारलं, रोज चालणं होईल याची खात्री कशी असते? ते म्हणाले, "आमचं आम्ही कुठं ठरवतो? दिंडी उठली की उठायचं." मला दिंडी कुठली, पण शेजारचे गुरुजी रोज पहाटे फिरायला जातात. जाताना कडी वाजवा म्हणून सांगून ठेवलं.
"आता पंधरा," ही म्हणाली.
"एक आणा कशाचा कापलास?"
"शनिवारी जेऊरला माझ्या भावाकडं मुक्काम आहे. तिथं कोण कडी वाजवतंय?"