नातवाच्या बुटाचं माप



लावणी उरकून आठ दिवस झाले. खाचरात पाणी बेतानेच ठेवलंय, रोपं आता हिरवी धरायला लागलीत. पण आज भातावर नाही, पायावर लिहितो.

नातू तेरा महिन्यांचा झाला. भिंत धरून उभा राहतो, चार पावलं टाकतो नि बसतो. मी कौतुकाने भिवंडीच्या बाजारातून त्याला बूट आणले. चालताना चूं-चूं वाजणारे, तळाला लाल दिवा. वाढतं पोर, पैसे वसूल व्हावेत म्हणून दोन नंबर मोठेच घेतले. तळवा एवढा कडक की माझ्या हातानेही वाकेना.

बूट घातले नि पोर चिखळणीत चालल्यासारखं पाय उचलायला लागलं. दुसऱ्या दिवशी बुटाचं पुढचं टोक उंबऱ्याला अडलं, तोंडावर पडलं, ओठ फुटला. रात्री बघतो तर टाचेवर घासून फोड आलेला. घरची म्हणाली, "अहो, लावणीत मुळी दुमडली तर बायांना दहादा सांगता, नि पोराच्या पायात हे काय बांधलंत?"

बोलणं लागलं, कारण खरं होतं. आंब्याचं कलम पिशवीत जास्त दिवस राहिलं की मुळी आतल्या आत गोल फिरते, मग जमिनीत लावलं तरी तो फेर लवकर सुटत नाही. एवढ्याशा पोराच्या पायातली हाडं अजून पुरती हाडं झालेली नसतात, बरीचशी कूर्चाच असते. त्यामुळे अडचणीच्या बुटात पाय दाबला जातो, नि दुखलं तरी पोराला सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी सांगितलं, घरात-अंगणात अनवाणीच चालू द्या. बोटांनी जमीन धरूनच पोर तोल शिकतं. तळवा सपाट दिसतो तो चरबीमुळे, बाक पुढे काही वर्षांत येतो. त्यासाठी खास बूट लागत नाहीत.

मी सूनबाईला म्हटलं, झालं तर मग, आम्ही अनवाणीच वाढलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ज्या मातीत चाललात ती माती आता कुठाय?"

याला उत्तर नव्हतं. आपल्या पूर्णा गावात घराबाहेर पडलं की गोदाम. रस्त्याला फुटलेली काच, फळ्यांचे खिळे, खोक्यांच्या पिना, पॅकिंगच्या पट्ट्या. मागच्या पावसात बांधावरच माझ्या टाचेत पिन घुसली होती. शिवाय पावसाच्या साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं, त्यातून लेप्टो होतो, जखम असली तर जास्तच धोका. घाणीच्या मातीतून आकडीकृमी अनवाणी पायातून अंगात शिरतो. म्हणजे दोघी आपापल्या जागी बरोबर.

मग असं ठरवलं. घरात, ओटीवर, झाडलेल्या अंगणात अनवाणी. बाहेर बूट, पण माप घेऊन. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा पसरतो, खोक्याच्या पुठ्ठ्यावर पोराला उभं केलं नि दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली. मोठ्या पायाचा पुठ्ठा कापून दुकानात नेला. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा, बोटं पसरतील एवढी रुंदी, पुढून हाताने सहज वाकणारा पातळ तळ, घट्ट बसणारा पट्टा. वजनाला हलका. दर दोन महिन्यांनी पुठ्ठा नवा. दुसऱ्या पोराचे जुने बूट घालत नाही, कारण ते त्याच्या पायाप्रमाणे झिजलेले असतात. सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटीचा बूस्टर असतो, त्यात धनुर्वाताची लस येते. ती तारीख मी खताच्या हिशोबाच्या वहीतच लिहून ठेवलीय.

आणि एक काम वाढवलं. सकाळी पाणी बघायला जातो तेव्हा पिशवी घेऊन जातो. बांधावरच्या पिना, पट्ट्या, काचा वेचतो. पहिल्या दिवशी अर्धी पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी.

दिवाळीच्या सुमारास कापणी होईल, खाचर सुकेल. तोवर पोर चांगलं चालायला लागेल. तेव्हा निदान एका बांधावर तरी त्याला अनवाणी सोडायचंय, एवढीच इच्छा.

तुमच्याकडे लहान पोरांच्या पायाचं काय करता? लिहा.