आंबोलीचे धुके आणि गाडीचे धाकटे दिवे

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता हा आम्हां सीमाभागातील मराठी कुटुंबांचा जुना सोयरिकीचा रस्ता आहे. एके काळी वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल याच घाटवाटेने बैलगाड्यांतून बेळगावच्या छावणीत आणि पेठेत येत असे. बंदराचा तो व्यापार ओसरला, परंतु लेकी देणे, सुना आणणे, गणपतीला आणि जत्रांना एकमेकांच्या दारी जाणे हा व्यवहार अद्याप तसाच चालू आहे. शिनोळीपाशी राज्याची सीमा ओलांडली जाते. पाट्यांवरील लिपी तेवढी बदलते; बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याची बोली मात्र अलीकडे आणि पलीकडे एकच असते.

पावसाळ्यात या रस्त्याने जाणे म्हणजे पावसाच्या वाढत्या पायऱ्या चढत जाणे होय. बेळगावात वर्षाकाठी १२५ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाटणे फाटा मागे पडून चंदगडचा मुलूख सुरू झाला, की शेतांत पाणी तुडुंब साचलेले दिसते आणि भाताच्या रोपलावणीत वाकलेल्या बायका दृष्टीस पडतात. पुढे काजूच्या बागा, मग दाट रान, आणि सुमारे ६५ ते ७० किलोमीटरांवर आंबोली. येथील पाऊस वर्षाला ७०० सेंटिमीटरच्या घरात जातो. थंड हवेचे ठिकाण म्हटले की चढण आलीच, असा आपला समज असतो. परंतु बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि आंबोली सुमारे ६९० मीटर. पूर्वेकडून येणाऱ्याला चढ असा जाणवतच नाही. सह्याद्रीचा कडा एकाएकी पायाखाली येतो आणि पलीकडे खोल कोकण असते. येथील हिरण्यकेशीच्या गुहेतून निघालेले पाणी पूर्वेकडे आजऱ्याच्या वाटेने घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते. त्याच नदीच्या उगमात सापडलेल्या एका चिमुकल्या माशाला २०२० साली शास्त्रज्ञांनी 'शिस्तुरा हिरण्यकेशी' असे नाव दिले आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली.

आंबोलीचे धुके हे मैदानातील हिवाळी धुक्यासारखे नव्हे. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा कड्यावर आदळून वर चढतो, चढता चढता थंड होतो आणि त्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. दुरून ज्याला आपण ढग म्हणतो, त्याच ढगाच्या पोटातून येथे रस्ता जातो. दिवसा त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. सूर्य मावळला, म्हणजे मात्र तेच धुके वाहन चालविणाऱ्याची परीक्षा पाहते.

गेल्या श्रावणातील गोष्ट. आमच्या आत्याबाईंच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बेळगावात झाली होती. त्यांना घेऊन आम्ही उभयता सावंतवाडीस निघालो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांचे वर्षश्राद्ध होते. नऊ वाजता भटजी दारात येणार होते. चंदगडच्या पुढे पावसाने गाठले आणि आंबोलीच्या वेशीवर येईतो दिवेलागण झाली. समोर पांढरी भिंत उभी राहिली. मोठा प्रकाशझोत लावावा, तर तो थेंबांवर आदळून उलट आमच्याच डोळ्यांत येई. खालचा झोत लावला, तरी रस्त्याची कड काही दिसेना. बंपरात बसविलेल्या धुक्याच्या दिव्यांची कळ दाबली. दोन्ही दिवे मुके.

येथे थोडे विषयांतर करून हे धाकटे दिवे कशासाठी असतात ते सांगणे अवश्य आहे. ते मुद्दाम खाली बसविलेले असतात. त्यांचा झोत लांब जात नाही; तो रुंद आणि चपटा पसरतो आणि त्याची वरची कड कापल्यासारखी असते. त्यामुळे डोळ्यांसमोरच्या धुक्यावर उजेड पडत नाही. चाकापुढची जमीन आणि रस्त्याच्या दोन्ही कडा तेवढ्या उजळतात. पिवळा उजेड धुके भेदून जातो, अशी एक समजूत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात, की पिवळा काय नि पांढरा काय, ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. काहींच्या डोळ्यांना पिवळा सौम्य वाटतो, एवढे खरे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच असत. खरे काम रंगाचे नव्हे. दिव्याच्या जागेचे आणि झोताच्या आकाराचे आहे.

पुढे घाटाची उतरण होती. आम्ही गावातच गाडी थांबविली. चहाच्या टपरीशेजारी एका पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा एक तरुण भेटला. त्याने टॉर्च घेतली आणि बॉनेट उघडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, एक गेला की दोन्ही?"

या प्रश्नातच अर्धे निदान होते. एकच दिवा गेला असेल, तर दोष बहुधा त्या दिव्याच्या बल्बमध्ये, प्लगमध्ये किंवा अर्थच्या तारेत असतो. दोन्ही एकाच वेळी गेले, तर दोघांना समाईक असलेला भाग आधी पाहावा. म्हणजे फ्यूज, रिले आणि कळ. पुष्कळ गाड्यांत पार्किंगचे दिवे लागल्यावाचून हे दिवे लागतच नाहीत, तेही त्याने पडताळून पाहिले. मग आम्हांस कळ दाबावयास सांगून त्याने कान लावला. रिलेने 'टक' असा आवाज दिला, अर्थात कळ शाबूत होती. फ्यूज काढून टॉर्चपुढे धरला, तो आतली तार वितळलेली. नवा १५ अँपिअरचा फ्यूज घातला आणि कळ दाबताच तोही गेला.

एक जीपवाला तेथे चहा पीत उभा होता. तो म्हणाला, "अरे, तांब्याची तार गुंडाळून टाक नि सोड त्यांना. खाली जाऊन बघतील." आम्ही आत्याबाईंकडे पाहिले. दुसऱ्या दिवशीच्या कार्याची घाई कोणाला असेल, तर त्यांना. त्या म्हणाल्या, "नको रे बाबा. महिनाभर मी एका डोळ्याने चाचपडत होते. गाडीचे तरी दोन्ही डोळे नीट होऊ देत. उशीर झाला तर झाला."

तो तरुणही तार घालावयास तयार नव्हता. "फ्यूज बळी गेलाय साहेब, चोर दुसराच आहे," असे तो जीपवाल्यास म्हणाला. त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. १५ चा फ्यूज त्यांना पुरेसा असतो. तो दुसऱ्यांदा उडाला, याचा अर्थ प्रवाह दिव्यापर्यंत न जाता वाटेतच लोखंडाला भिडत होता. फ्यूजच्या जागी जाड तार घातली असती, तर ती वितळली नसती आणि वितळण्याची पाळी आतल्या वायरींवर आली असती. अशाने गाडी पेट घेते.

आणखी फ्यूज न जाळता त्याने एक नामी युक्ती केली. फ्यूजच्या जागी दोन तारांनी एक साधा बल्ब जोडला. कळ दाबताच तो लख्ख पेटला. म्हणजे दोष अजून कायम होता. मग चाक आतल्या बाजूस वळवून, चाकावरचे प्लास्टिकचे अस्तर थोडे सोडवून त्याने उजव्या दिव्याचा प्लग उपसला. बल्ब तसाच पेटता राहिला. डाव्या दिव्याचा प्लग उपसला, तो बल्ब विझला. चोर डाव्या बाजूस सापडला. प्लगपासून दिव्याकडे जाणारी वीतभर वायर बंपरामागच्या लोखंडी पट्टीवर घासत होती. प्रत्येक खड्ड्यागणिक घासून तिचे आवरण झिजले होते आणि आतले तांबे उघडे पडले होते.

उघडा भाग त्याने टेपने घट्ट गुंडाळला, त्यावरून प्लास्टिकची नळी चढविली आणि वायर पट्टीपासून दूर बांधून टाकली. नवा फ्यूज टिकला. दोन्ही दिवे लागले, परंतु उजवा मंद होता. बल्ब बदलण्याचे आमच्या मनात आले. त्याने मात्र अर्थच्या तारेचा बोल्ट काढून दाखविला. त्याखाली गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून बोल्ट पुन्हा आवळला आणि उजवा दिवा डाव्याच्या बरोबरीस आला. त्याने मागितलेले दोनशे रुपये आम्ही आनंदाने दिले. तासाभराने आम्ही घाटात उतरलो.

त्या उतरणीचे वर्णन काय करावे! मुख्य धबधबा डोळ्यांना दिसलाच नाही. त्याचा नाद तेवढा गाडीच्या काचा भेदून आत आला. पुढची वीस मीटर जमीन, डावीकडचा खडक आणि उजवीकडचा कठडा एवढेच आमचे जग उरले होते. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात ओल्या रस्त्यावर गाडी थांबावयास सुमारे ३० मीटर लागतात; २५ च्या वेगात १५-१६ मीटर पुरतात. दिसते त्याच्या आत थांबता आले पाहिजे, या हिशेबाने आम्ही २० ते २५ च्या वर गेलो नाही. दाणोलीजवळ धुके वर राहिले. समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून धाकटे दिवे मालवले. सावंतवाडीच्या मोती तलावात गावचे दिवे हलताना दिसले, तेव्हा साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी श्राद्ध वेळेवर पार पडले.

या वाटेने जाणाऱ्या आमच्या वाचकांसाठी चार गोष्टी नोंदवून ठेवतो. मृगापूर्वी एका संध्याकाळी गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून हे दिवे लावून पाहावेत. भिंतीवरील झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा खाली असावी. वर असेल, तर स्क्रू फिरवून ती खाली आणता येते. काचेच्या आत पातळ वाफ धरली व दिवा लागल्यावर ती गेली, तर चिंता नाही. पाणी साचत असेल, तर काच वा रबर फुटले आहे असे समजावे. प्लगमध्ये हिरवट कळा आली असेल, तर ती साफ करून घ्यावी. हॅलोजन बल्ब बदलताना त्याच्या काचेला उघडी बोटे लावू नयेत. बोटांच्या तेलकटपणाने काच तेथे अधिक तापते आणि बल्ब लवकर जातो. जवळ त्याच मापाचे दोन-तीन फ्यूज ठेवावेत. अधिक मापाचा एकही ठेवू नये. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकते ठेवण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, ती टाळावी. मागच्यास गाडी उभी आहे की वळते आहे, ते कळत नाही.

आंबोली पाहावी ती पावसातच. शक्य तर दुपारच्या आत कडा उतरावा. रात्र झालीच आणि दिवे रुसलेच, तर गावात थांबावे. तेथे गरम चहा मिळतो, आणि कामाचे माणूसही भेटते.