मोजलेला पाऊस

पाऊस आपल्याला जन्मभर दोन रूपांत भेटतो. एक अंगावर येणारा आणि दुसरा आकड्यांतला. भूगोलाच्या पुस्तकात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत, हे आपण पाठ करतो. मोठेपणी तो वर्तमानपत्राच्या चौकटीत दिसतो, आणि घरची शेती असेल तर पंचनाम्याच्या कागदावर. मात्र हा आकडा कुणी, कुठे आणि कसा काढला, हे विचारायची सवय सहसा लागत नाही. मुलांसोबत घरच्या घरी पर्जन्यमापक करावा तो त्यासाठी. पावसाची माहिती इतर ठिकाणीही मिळेल, पण आकडा तयार कसा होतो हे हाताला कळण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

साहित्य फार लागत नाही. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली खांद्यापाशी कापायची आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवायचा, म्हणजे साठलेलं पाणी उन्हानं लवकर उडत नाही. बुडाशी खळगे असतात, म्हणून तिथे खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी ओतायचं आणि त्या पातळीला शून्य मानून पट्टीच्या खुणा करायच्या. मग खरी शिकवण सुरू होते. शेजारी मोठ्या तोंडाचा सरळ डबा ठेवला तर त्यात पाणी जास्त जमेल, पण उंची तेवढीच भरेल. मुलांना हे आधी पटत नाही. पाणी लिटरमध्ये मोजतात आणि पाऊस मिलिमीटरमध्ये, याचं कारण इथेच उलगडतं: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घराच्या गच्चीचं क्षेत्रफळ ठाऊक असलं की पुढचा हिशेब मुलं स्वतःच करतात.

पहिला आक्षेप अचूकतेचा. हवामान केंद्रावरचा पर्जन्यमापक प्रमाणित मापाचा असतो, मोकळ्यावर रोवलेला असतो आणि सकाळी साडेआठला वाचला जातो. त्यापुढे बाटलीची काय कथा? आक्षेप खरा आहे. पागोळ्यांखाली ठेवलेली बाटली खोटं बोलते, झाडाखालची कमी दाखवते, आणि कोकणात एखाद्या रात्री ती भरून वाहूनही जाते. पण या चुका मुलांना दिसतात, आणि दिसतात म्हणून सुधारता येतात. अंगणात दोन ठिकाणी दोन बाटल्या ठेवल्या आणि आकडे जुळले नाहीत, की ‘असं का?’ हा प्रश्न शिक्षकाला विचारावा लागत नाही.

दुसरा आक्षेप मोबाइलचा: आकडा आयता मिळतो, मग खटाटोप कशाला? त्याला मुंबईनं उत्तर देऊन ठेवलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७४ च्या आसपास. त्या दिवशी ‘मुंबईचा पाऊस’ कोणता म्हणायचा? आपल्याकडे अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरचा निकष लावतात. मंडळातलं यंत्र एका गावात आणि ढग फुटला दुसऱ्याच गावात, असं झालं की शेतकऱ्याचं पीक वाहून जातं आणि कागद कोरडा राहतो. बाटलीतल्या नोंदीला सरकारदरबारी किंमत नाही, हे खरं. पण यंत्र कुठे बसवलं आहे, हे विचारायला शिकलेल्या माणसाला आहे. पाऊस मोजणं हे राज्यकारभाराचं काम आहे हे कौटिल्यालाही ठाऊक होतं. कोठारात हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला तो सांगतो, आणि अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, अपरांतात अमाप अशी प्रदेशवार मापं देतो. आजच्या काळात हिवरेबाजारनं पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, तीही याच वाटेनं.

तिसरा आक्षेप रसिकांचा: मोजायला बसलं की पावसाची मजा जाते. उलट, मोजल्यावरच पाऊस नीट दिसू लागतो. दिवसभर रिपरिप चालली, कपडे वाळले नाहीत, सगळे वैतागले, आणि बाटलीत पाहावं तर चार-पाच मिलिमीटर. वळवाची अर्ध्या तासाची सर मात्र त्याच्या कितीतरी पट भरते. अंगाला वाटलेला पाऊस आणि जमिनीला मिळालेला पाऊस एकच नसतो, हे समजल्यानं भिजण्यातला आनंद कुठे कमी होतो?

एक पथ्य मात्र पाळायला हवं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज एकाच वेळी नोंद व्हावी, आणि पाऊस नसेल त्या दिवशी रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहावं. रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिलंच नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि पाऊस नव्हता. पिकाला ओढ बसली ती नेमकी किती दिवसांची, हे त्या शून्यांवरूनच सांगता येतं. मोठेपणी समोर येणाऱ्या कुठल्याही तक्त्यात हा फरक ज्याला ओळखता येईल, त्याची बाटली कधीच फेकून दिली गेली असली तरी चालेल.