अर्धं बरोबर वजन

सिरिअल पोर्ट ही संगणकाची जुनी आणि साधी वाट. एका तारेवरून बोलायचं, दुसरीवरून ऐकायचं आणि तिसरी तार दोघांचं सामायिक ग्राउंड. आरएस-२३२ हे तिचं मानक १९६० सालचं. आजच्या लॅपटॉपला हा पोर्ट नसतो, म्हणून तो संपला असं वाटतं. पण गावातल्या दूध संकलन केंद्रावर इलेक्ट्रॉनिक काट्याच्या मागे तो अजून दिसतो. काट्यावरचा आकडा त्याच वाटेने संगणकात जातो, पावतीवर छापला जातो आणि दहा दिवसांनी त्याच आकड्यांवर दुधाचा हिशेब होतो.

माझ्या मामूंचं असं एक केंद्र आहे. तिथला जुना संगणक बंद पडला, तेव्हा मामेभावाने त्याच्या जागी रास्पबेरी पाय ३ बसवायचं ठरवलं आणि मला बोलावून घेतलं. तळहातावर मावणारा संगणक. काटा जोडला, पण पडद्यावर काहीच येईना.

काहीच येत नसेल तर तपासायच्या गोष्टी मोजक्या असतात. पहिली, ती लाईन आधीच कुणी धरून बसलंय का? लिनक्स सिरिअल पोर्टवर लॉगिन लावून ठेवू शकतं. मग काट्याने पाठवलेलं वजन म्हणजे कुणाचं तरी नाव, असं समजून ते पासवर्ड मागत बसतं. रास्पी-कॉन्फिगमध्ये दोन प्रश्न येतात. सिरिअलवर लॉगिन हवं का? नाही. पोर्ट चालू हवा का? हो.

दुसरी, पाय स्वतः ठीक आहे का? त्याची ८ नंबरची पिन बोलते, १० नंबरची ऐकते. काटा सोडवून या दोन पिना एका तारेने जोडल्या आणि मिनिकॉममध्ये टाइप केलं, तर आपलंच अक्षर परत यायला हवं. आमचं आलं.

तिसरी, विजेची भाषा. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. आरएस-२३२ मध्ये व्होल्टेज अधिक-उणे १५ पर्यंत जाऊ शकतं. थेट जोडलं तर पाय जळेल. म्हणून मध्ये मॅक्स३२३२ चा छोटा बोर्ड लागतो. काटा गप्प असताना त्याच्या बोलणाऱ्या पिनवर ग्राउंडच्या तुलनेत उणे व्होल्टेज दिसतं, त्यामुळे ती मल्टीमीटरने सापडते. जुनी केबल जुन्या संगणकाच्या मापाची होती. तिच्यातल्या दोन तारांची अदलाबदल केली आणि आकडे यायला लागले.

मात्र सगळे नाही. पाच किलोचं वजन ठेवलं की ५.०० बरोबर येई. दोन किलोचं ठेवलं की २ च्या जागी भलतंच चिन्ह. वेग चुकीचा असता तर सगळाच कचरा आला असता, तेव्हा वेगाचा प्रश्न नव्हता. मामेभाऊ म्हणाला, "भाईजान, ही कचरा अक्षरं मी प्रोग्राममध्ये गाळून टाकतो. अर्धं तर बरोबर येतंय ना?"

मी त्याला कागदावर १६.३५ लिहून दाखवलं. १ हा बिघडणाऱ्या अंकांपैकी होता. तो गाळला की उरतं ६.३५. पावती स्वच्छ, आकडा वाचता येतो, संशयाला जागा नाही, आणि दोन गायींचं दूध घालणाऱ्या एखाद्या खालांचे दहा किलो गायब! कचरा दिसत होता तोवर निदान काहीतरी बिघडलंय हे कळत तरी होतं.

मग एकेक अंक तपासला. ०, ३, ५, ६, ९ सुखरूप, तर १, २, ४, ७, ८ बिघडलेले. ही यादीच उत्तर होती. काटा प्रत्येक अक्षराचे सात बिट पाठवत होता आणि आठवा बिट पडताळणीचा, म्हणजे पॅरिटीचा. एकूण 'एक' सम संख्येत यावेत म्हणून तो जोडलेला. पाय मात्र आठही बिट अक्षराचेच समजत होता. ज्या अंकांच्या कोडमध्ये 'एक' आधीच सम आहेत, त्यांना आठवा बिट शून्य मिळतो आणि ते वाचतात. बाकीच्यांना एक मिळतो आणि अक्षर बदलतं.

सेटिंग बदलून भागलं नाही. पाय ३ मध्ये दोन सिरिअल यंत्रणा आहेत. त्यातली पूर्ण क्षमतेची, पीएल०११, ब्लूटूथला दिलेली असते. बाहेरच्या पिनांच्या वाट्याला मिनी युआर्ट येते, आणि तिला पॅरिटी समजतच नाही. केंद्रावर ब्लूटूथचं काही काम नव्हतं. कॉन्फिग फाइलमध्ये डिसेबल-बीटी हा ओव्हरले टाकून पीएल०११ पिनांकडे आणली, सात बिट आणि सम पॅरिटी लावली. मग शून्य ते नऊ प्रत्येक अंक एकदा तरी दिसेल अशी वजनं काट्यावर ठेवून पाहिली. सगळी बरोबर.

तुमच्याकडे असं यंत्र असेल तर ही शेवटची चाचणी चुकवू नका. एकाच वजनावर विश्वास ठेवला, आणि ते नेमकं पाच किलोचं निघालं, तर सगळं ठीक वाटेल. रांगेतली माणसं पावती घेऊन निघून जातात. त्यातल्या कितीजणांना ती वाचता येते, आणि वाचता आली तरी कितीजण मशीनशी वाद घालतात?

मामेभावाने प्रोग्राम आता असा लिहिलाय की एकही अनोळखी अक्षर आलं तर पावती छापलीच जात नाही. पडद्यावर 'पुन्हा वजन करा' एवढंच येतं. पहिले पंधरा दिवस मामूंनी जोडीला वहीही ठेवली. रोज संध्याकाळी वही आणि पावत्या शेजारी ठेवून दोघं बाप-लेक जुळवत बसायचे.