माफी वेगळी, शेळ्या वेगळ्या

दिवाळी सरली की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. नवापूर तालुक्यात हे काही नवं नाही. संध्याकाळी फाट्यावर ट्रक लागतो. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी, लहान पोरं आणि एखादी शेळी चढते. पहाटेपर्यंत ट्रक गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला उसाच्या फडावर पोचलेला असतो. मागं उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि दाराला आडवी लावलेली काटेरी फांदी. मग रविवारी आमच्या मंडळीच्या उपासनेला पंधरा-वीस डोकी जमतात. दहा वर्षं तो ट्रक भरणारा माणूस मी होतो. मी मुकादम होतो.

माझा जन्म १९७४ चा. आमचा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. आम्ही घरात मावची बोलायचो, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती. आमचं नवापूरचं रेल्वे स्टेशनसुद्धा अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या एका बाकड्यावर मधोमध राज्याची हद्द रंगवलेली आहे, लोक दोन्हीकडे टेकून हौसेनं फोटो काढतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात परदेशी मिशनरी आले, त्यांनी शाळा आणि दवाखाने काढले. त्या पिढीत आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. बाबा मंडळीचे वडील होते. मंडळीचा कारभार बघणाऱ्या जाणत्या माणसाला आमच्यात वडील म्हणतात.

बाबा रात्री कंदिलाजवळ पवित्र शास्त्र वाचायचे, बोट ओळीवर ठेवून, मोठ्यानं. मला त्यात गोडी नव्हती. माझं डोकं हिशेबात चालायचं. शाळेत गणितात माझा नंबर पहिला. बाबा हसून म्हणायचे, "तू हिशेबाला पक्का आहेस पोरा. देव मात्र कच्चा आहे. म्हणून आपण तगलो." तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा विनोद वाटला.

दहावीनंतर इकडं तिकडं कामं करून मी नवापूरजवळ एका पोल्ट्रीत लागलो. खाद्य, अंडी, मजुरांची हजेरी, सगळं माझ्या वहीत. बायको आली, मुलगा झाला, २००४ ला मुलगी झाली. दिवस बरे चालले होते. फेब्रुवारी २००६ ला नवापुरात बर्ड फ्लू निघाला. देशातली ती पहिली लागण. टीव्हीवर दिवसरात्र आमचं गाव. पांढरे अंगरखे घातलेली माणसं आली, जेसीबीनं खड्डे खोदले आणि काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुरल्या. गावठी कोंबड्याही सोडल्या नाहीत. आमच्या अंगणातल्या नऊ गेल्या. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मालकाला नुकसानभरपाईची वाट बघायची होती, आम्हा कामगारांना वाट बघायलाही काही नव्हतं.

पुढच्या दिवाळीला मी मुकादम झालो. हिशेब येत होता, गुजराती येत होती, आणि लोकांचा बाबांवर विश्वास होता. तो विश्वास मी वापरला, हे आता लिहिताना लाज वाटते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माझ्याकडे पहिल्या वर्षी बारा कोयते होते, नंतर तीस झाले. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामात अंग मोडून ती फेडायची. फडावर पंधरवड्याला खावटी मिळते, तीही वहीत चढते. माझ्याकडे शंभराचे दीडशे लागायचे. सगळेच घेतात, मग मी का सोडू? असं मी बायकोला सांगायचो. बाबा २००९ ला गेले. त्यांच्यामागं मी उपासनेला नाताळ सोडून गेलो नाही. रविवारी फडावर मोळ्या मोजायच्या असतात, हे कारण तयार होतं.

एका हंगामात, २०१२ ला, माझ्या टोळीतला एक जण फडात साप चावून गेला. आमच्याच मंडळीतला, नात्यानं मला मोठा. त्याची बायको दोन पोरं घेऊन गावी परतली. माझ्या वहीत त्यांच्या नावावर अकरा हजार बाकी होते. अर्धा कोयता राहिला नाही, तर बाकी कुठून फिटणार? मी तिच्या अंगणात गेलो आणि चार शेळ्या सोडून आणल्या. ती दारात उभी होती. म्हणाली, "भाऊ, एक तरी ठेवा, लहान्याला दूध लागतं." मी म्हणालो, "वहिनी, मलाही वर हिशेब द्यायचाय." शेळ्या नवापूरच्या बाजारात विकल्या, पैसे वहीत जमा केले आणि त्यांच्या नावावर काट मारली. काट सरळ आली होती, पट्टी लावल्यासारखी.

माझे दिवस फिरले ते २०१६ ला. आठ कोयते माझी उचल घेऊन दुसऱ्याच मुकादमाबरोबर निघून गेले. ज्यांचे पैसे मी वाटले होते ते माझ्या दारात आले. आधी बैलजोडी गेली, मग मोटारसायकल, मग शेत गहाण पडलं. मोहाची दारू मी आधीही घ्यायचो. आता सकाळीच सुरू झाली. एका रात्री बायकोवर हात उचलला. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पोरांना घेऊन माहेरी गेली. तिला अडवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

जानेवारी २०१८ ला कडाक्याची थंडी पडली होती. मेव्हण्याचा निरोप आला, मुलीला चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात ठेवलंय. त्या दिवशी मी प्यायलेलो नव्हतो, कारण खिशात पैसे नव्हते. चौदा वर्षांची पोर हातपाय आखडून ओरडत होती. हाडं कुणी आतून चेचतंय असं म्हणायची. तपासणीत सिकलसेल निघाला. आमच्या आदिवासी भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे, पण मी नुसतं नाव ऐकलं होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि मग अशा कळा येतात. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, यानं त्या उठतात.

मी विचारलं, "साहेब, माझ्या कर्माची ही वसुली आहे का?" माझ्या डोक्यात चार शेळ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "यात वसुली कसली? तुम्ही आणि पोरीची आई, दोघंही वाहक आहात. तुम्हाला त्रास नाही, पण दोघांकडून तो दोष आला तर मुलाला आजार होतो. प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता. तुम्ही दारू प्यायला असतात काय आणि नसतात काय, हे असंच होतं."

मला पटेना. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाला हिशेब नाही हे कसं पटणार? संध्याकाळी पाळक साहेब भेटायला आले. त्यांना मी तेच विचारलं. त्यांनी जन्मांध माणसाची गोष्ट आठवून दिली. शिष्यांनी येशूला विचारलं होतं, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? येशूनं दोघांवरही दोष ठेवला नाही. पाळक साहेब एवढंच सांगून पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या बाया आल्या. आजाऱ्याला भेटायला जायची आमच्याकडे रीत आहे. त्यांच्यात ती वहिनी होती. मी उठून बाहेर जायला लागलो, तर ती म्हणाली, "बसा भाऊ, जेवला नसाल." पदराखालून फडकं काढलं. ज्वारीच्या भाकरी होत्या आणि उडदाची डाळ. मग ती पलंगाच्या पायथ्याशी बसून माझ्या मुलीचे पाय चोळत राहिली, तासभर. शेळ्यांचं नाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. मी कोपऱ्यात बसून तिच्या हातची भाकरी खाल्ली. तो घास माझ्या घशाखाली उतरेना. तिनं शिवी दिली असती तर मी ती वहीत लिहून घेतली असती आणि फिटलं म्हणालो असतो. पण ह्याला वहीत रकानाच नव्हता.

मुलगी आठ दिवसांनी घरी गेली, म्हणजे मामाच्या घरी. मी माझ्या घरी आलो. पुढच्या रविवारी उपासनेला जाऊन शेवटच्या रांगेत बसलो. काही आठवड्यांनी पाळक साहेबांनी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वाचला. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेला. मालक पहाटे नाक्यावर जातो, मजुरी ठरवतो, माणसं लावतो. मग नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता, आणि शेवटी पाच वाजता जातो. संध्याकाळी शेवटच्या माणसापासून वाटायला सुरुवात करतो आणि तासभर राबलेल्यालाही दिवसाची पूर्ण मजुरी देतो. पहाटेचे कुरकुरतात.

मुकादम म्हणून मला हा दाखला कायम खोटा वाटत आला होता. असा मुकादम एका हंगामात बुडेल. शिवाय पाच वाजेपर्यंत नाक्यावर कोण उरतं हे मला ठाऊक होतं. दणकट माणसं पहाटेच उचलली जातात. उरतात ते म्हातारे, लंगडे, दारूचा वास येणारे. अशांना मी स्वतः शंभरदा हातानं बाजूला केलं होतं. त्या रविवारी पहिल्यांदा लक्षात आलं, मी पहाटेच्या मजुरांत नाही. मी पाच वाजताचा आहे, वय चव्वेचाळीस, कोणी घेत नाही असा. आणि कोणीतरी येऊन विचारतंय, इथं का उभा आहेस? बाबा म्हणायचे तो विनोद नव्हता. देव खरंच हिशेबाला कच्चा आहे. कृपा म्हणजे उचल नाही. उचलीला फेड असते. मी रडलो. बाया वळून बघायला लागल्या, पण कोणी काही बोललं नाही.

त्या दिवशी दारू सुटली असं मी लिहिणार नाही, कारण सुटली नाही. वर्ष गेलं. दोनदा पडलो, दोनदा पाळक साहेबांनी उठवलं. पण एक गोष्ट मला टोचत होती. फुकट मिळालंय म्हणून मी गप्प बसू का? रस्त्याच्या कामावर मजुरी करून पैसे जमवले, २०१९ च्या उन्हाळ्यात दोन गाभण शेळ्या घेतल्या आणि वहिनीच्या अंगणात नेऊन बांधल्या. जुनी वहीही बरोबर नेली होती. म्हणालो, "वहिनी, मला माफ करा." ती चुलीवरून उठली नाही. म्हणाली, "माफ तर दवाखान्यातच केलं होतं, भाऊ. भाकरी करायला बसले तेव्हाच रडून घेतलं. पण शेळ्या घेते. माफी वेगळी, शेळ्या वेगळ्या." मग हसून म्हणाली, "जक्कयानं चौपट दिलं होतं. तुम्ही चाराच्या दोनच आणल्यात." मी सांगितलं, दोन पुढच्या वर्षी. ती म्हणाली, "पिल्लं धरून चार समजते. आणि ती वही इथं नको, घेऊन जा." ती वही मी घरी येऊन चुलीत घातली. पाणी तापलं, अंघोळ केली.

बायको लगेच आली नाही. मी तिच्या माहेरी जायचो, ती चहा ठेवायची आणि लांब बसायची. पाळक साहेबांनी तिला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला दिलं होतं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी घेतला तो पाच वर्षांनी, १९०० ला, स्वतःला पटल्यावर. बायको म्हणाली, "त्या बाईनंही नवऱ्याच्या घाईनं काही केलं नाही. मला बघू द्या." मी म्हणालो, बघ. ती दीड वर्ष बघत होती. २०२० च्या पावसाळ्यात घरी आली. अजूनही मी आवाज चढवला की ती एक पाऊल मागं सरते. मला माफी मिळाली, तिची भीती मात्र अजून गेलेली नाही. ते काम माझं आहे.

मी परत पोल्ट्रीत लागलो होतो. फेब्रुवारी २०२१ ला नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला. तेच पांढरे अंगरखे, तेच जेसीबी. शेड रिकामं झालं, काम गेलं. संध्याकाळी घरी येताना दारूच्या झोपडीकडची वाट आली. पाय थांबले, खोटं का सांगू. मग घरी आलो. मुलगी दारात होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, आधी वास घेतला. मग आत जाऊन आईला म्हणाली, "बाबा आले, जेवायला वाढ." रात्री मी शास्त्र काढलं आणि बाबांसारखं बोट ओळीवर ठेवून वाचलं. मुलगा बाजूला मोबाइल बघत होता. मी त्याला काही बोललो नाही.

मुलीला थंडीत अजून कळा येतात. गोळ्या चालू आहेत, पाण्याची बाटली कायम जवळ असते. तिच्या लग्नाआधी समोरच्या मुलाची तपासणी करायची हे आम्ही ठरवलंय. शेत अजून पूर्ण सुटलेलं नाही. लोक विचारतात, देवानं तुला दिलं काय? त्यांना सांगायला माझ्याकडे आकडा नाही.

यंदाही दिवाळीनंतर फाट्यावर ट्रक लागला. निघण्याआधी मंडळीनं कोयत्यांसाठी प्रार्थना केली. आता मी कुणाची उचल लिहीत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना दुसऱ्या मुकादमाच्या वहीतला आकडा वाचून दाखवतो आणि त्यांच्या हातात कागदावर लिहून देतो, एवढंच. त्यामुळे दोन मुकादम माझ्याशी बोलत नाहीत. ट्रक गेला, धूळ बसली. वहिनी शेळ्या घेऊन नदीकडे निघाली होती. सात होत्या. मला बघून तिनं एका शेळीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "ही तुमच्यातली."