सगळ्यात स्वस्त टेस्ट

मागच्या शनिवारी वेरूळला जाऊन आलो. लेणी बघायला नाही, घृष्णेश्वराला. नवस आईचा, उपास बायकोचे आणि माझ्याकडे ड्रायव्हरकी!

तिथे गाभाऱ्यात पुरुषांनी शर्ट-बनियन काढून जायचं असतं. रांगेत उघडाबंब उभा होतो, हातात शर्ट, आणि शर्टच्या खिशात घडी घातलेला माझा रिपोर्ट. शुक्रवारी संध्याकाळीच मिळालेला. शुक्रजंतूंची संख्या एका मिलीलीटरला 40 लाख. डब्ल्यूएचओच्या 2021 च्या पुस्तकात खालची रेघ 1.6 कोटीवर आहे. (त्याखाली मूल होतच नाही असं नाही, पण अवघड होतं.)

घृष्णेश्वराची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. देवगिरीजवळ राहणारा सुधर्मा, त्याची बायको सुदेहा. मूल होईना म्हणून सुदेहाने आग्रह करून आपल्या बहिणीचं, घुष्माचं, त्याच्याशी लग्न लावून दिलं. तिला मुलगा झाला. पुढे मत्सर, खून, महादेव प्रसन्न वगैरे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना सुदेहाचा रागच यायचा. परवा रांगेत वाटलं, अरे, दुसरं लग्न ही खरं तर सुधर्माची टेस्ट होती, आणि तो पास झाला म्हणून गोष्ट पुढे सरकली. महाभारतातला विचित्रवीर्य बघा. दोन राण्या, सात वर्षं, मूल नाही. त्याच्या मागे त्याच दोन राण्यांना व्यासांपासून मुलं झाली. यापेक्षा स्वच्छ टेस्ट केस मिळेल का? तरी दोष कुणाचा हे कुणी उच्चारत नाही.

असो. आमचं लग्न होऊन तीन वर्षं झाली. त्यातलं शेवटचं दीड वर्ष बायकोच्या तपासण्या. थायरॉइड, सोनोग्राफ्या, गर्भनलिकेत डाय सोडून काढतात तो एक्स-रे. त्या दिवशी ती रिक्षातून अक्षरशः पोट धरून उतरली. मी दुपारी ऑफिसला गेलो, रिलीज होतं म्हणून. माझी टेस्ट करा असं डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. ऑफिसात सर्व्हर बंद पडला तर आधी केबल नीट बसलीये का बघतो आम्ही. इथे केबल शेवटी तपासली. काही शे रुपयांची टेस्ट, सुई नाही, काही नाही. फक्त आधी दोन ते सात दिवस ब्रह्मचर्य पाळायचं.

का टाळली? मला वाटतं मराठीत याला शब्दच नाही. बाईला वांझ, वांझोटी, शब्द तयार. पुरुषाला काय? षंढ, नपुंसक. पण त्याचा अर्थ वेगळा. बाकी सगळं व्यवस्थित चाललेल्या माणसाचा काउंट शून्य असू शकतो, पण आपल्या डोक्यात दोन्ही एकच. मग टेस्ट म्हणजे मर्दानगीची परीक्षा वाटते. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी कारणात पुरुषाचा वाटा असतो!

माझं कारण व्हेरिकोसील निघालं, अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा. शंभरातल्या पंधराएक पुरुषांना असतं, बऱ्याच जणांना काही त्रासही नसतो. अंडकोष शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी थंड राहावे लागतात म्हणून बाहेर टांगलेले, आणि या शिरांमुळे तिथेच गरम होतं. (एसी बिघडलेली सर्व्हर रूम!) इतरही कारणं आहेत. वयात आल्यावर झालेले गालगुंड, वाय क्रोमोसोमचा हरवलेला तुकडा, तंबाखू. आणि जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू आतलं उत्पादन बंद करतो आणि शुक्रजंतू घटतात. साधा फीडबॅक लूप आहे. दंड फुगतात आणि काउंट शून्यावर. बऱ्याच जणांत तर कारण सापडतच नाही.

1977 साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कीटकनाशक कारखान्यात कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना मूलच होत नाहीये. आपसात बोलले, तपासण्या करून घेतल्या, आणि डीबीसीपी हे रसायन पकडलं गेलं. दोन वर्षांत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याचा वापर बंद. हे सगळं सुरू झालं ते गप्पांमधून. आमच्याकडे वाळूजला भट्टीसमोर उभे राहणारे आहेत, कपाशीवर फवारणारे आहेत, पण चहाच्या टपरीवर हा विषय निघालेला मी तरी ऐकला नाही.

शुक्रवारी रात्री बायकोला रिपोर्ट दाखवला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आईंना नको सांगूस. मला सवय झालीये."

हे वाक्य वेरूळपर्यंत डोक्यात होतं. परतताना मागच्या सीटवर आई तिला सोळा सोमवार समजावत होती. दौलताबादला सीताफळं घ्यायला गाडी थांबवली आणि मागे न बघताच म्हणालो, "आई, दोष माझ्यात निघालाय. तिच्यात काही नाही."

आई गप्प. मग हळूच म्हणाली, "सहावीत तुझे गाल सुजले होते, मी अंगावर काढलं." तसं नाही, शिरांचं आहे, छोटं ऑपरेशन असतं, नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून फरक कळायला तीन महिने तरी जातात, असं सगळं सांगितलं. किती कळलं माहीत नाही. तिने एक सीताफळ फोडलं आणि अर्धं बायकोच्या हातात दिलं. "ते सोमवार राहू दे गं आता."

थोड्या वेळाने मला विचारलं, "परत टेस्ट आहे ना तुझी? उपाशीपोटी असते का?"

"उपासच असतो, पण पोटाचा नाही," मी म्हणालो. बायको खिडकीबाहेर तोंड करून हसायला लागली ती पार छावणी येईपर्यंत.