घाटपायथ्याची आघाडी आणि दूरचे तह

युद्धाचा इतिहास लिहिणारे बहुधा रणांगणापासून आरंभ करतात आणि तहनाम्यावरील सह्यांपाशी विराम घेतात. परंतु लढाई कोणाच्या जिवावर चालली हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने पळसदरीस येऊन उभे राहावे, असे युद्धकालीन अर्थव्यवहाराचा अभ्यासक या नात्याने मला वाटत आले आहे. पुण्याचा लोहमार्ग येथून बोरघाट चढू लागतो, त्याची एक शाखा खोपोलीकडे वळते, खोपोली व भिवपुरी येथील वीजगृहांतून निघालेल्या तारा मुंबईकडे जातात आणि सभोवार भातखाचरे पसरलेली आहेत. सैन्यास, गिरण्यांस आणि शहरास जे जे लागे, ते सारे या टापूतून जात असे.

खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, म्हणजे पहिले महायुद्ध ऐन भरात असताना सुरू झाले, आणि घाटमाथ्यावर साठविलेल्या पावसाच्या बळावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. देशाने या युद्धासाठी दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार धाडली. तरीही १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत, सहकार्य हवे असेल तर स्वराज्याचे बोला, या आशयाचे भाषण लोकमान्यांनी सुरू करताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडविले व लोकमान्य सभागृह सोडून गेले. त्याच वर्षाअखेर दिल्लीच्या काँग्रेसने शांतता-परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची निवड केली. सरकारने ती जुमानली नाही. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या केल्या त्या माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांनी.

दुसऱ्या महायुद्धात हीच रीत अधिक उघडेपणाने चालली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयांनी कोणाही लोकप्रतिनिधीस न विचारता देश युद्धात असल्याचे जाहीर केले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशचा तांदूळ यावयाचा थांबला, मे १९४३ पासून मुंबईत शिधापत्रिका आली, आणि पुढे सक्तीच्या धान्यवसुलीने, जिला गावकरी ‘लेव्ही’ म्हणत, सरकारी अंमल थेट कणगीपर्यंत पोहोचला.

याच मुलखातील माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण, उपाख्य भाई, कोतवाल यांनी, कुळांना सावकाराकडून वाढीदिढीने धान्य उचलावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या होत्या. १९४२ च्या ऑगस्टनंतर भूमिगत होऊन त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते व हिराजी पाटील धारातीर्थी पडले. नात्झी आणि जपानी सत्तांशी झुंज चालू असता विजेचे मनोरे पाडणे हे शत्रूस साह्य नव्हे काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. परंतु धान्यकोठी उभारणारा आणि मनोरा पाडणारा हात एकच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कृतीचा अर्थ उलगडतो: आपल्या कष्टाचा विनियोग आपल्या संमतीविना होऊ नये, हा एकच आग्रह सावकारापुढे आणि सरकारपुढे धरला गेला होता.

युद्ध संपत आले तेव्हा, २६ जून १९४५ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या त्या सरकारने नेमलेल्या रामस्वामी मुदलियार व कृष्णम्माचारी यांच्या. स्वतंत्र भारताने मात्र १९५१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा बहुराष्ट्रीय तह नाकारला, ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र तह केला आणि त्यात नुकसानभरपाईचा दावा सोडून दिला. या औदार्याची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. मला त्यातील हक्काचा भाग अधिक मोलाचा वाटतो. दावा सोडण्यासाठी तो आधी आपल्या मालकीचा असावा लागतो, आणि १९१९ व १९४५ मध्ये तो आमच्या मालकीचा नव्हता. ती मालकी कोणत्याही परिषदेने बहाल केली नाही. ज्यांच्या कणगीतून आणि ज्यांच्या रक्तातून युद्धाचा खर्च भागला, त्यांनी ती मिळविली. म्हणून तहांच्या इतिहासात मुत्सद्द्यांच्या नावांबरोबर कर्जत-खालापूरच्या या टापूची नोंदही झाली पाहिजे.